डॉल्फिन दिसण्याची ‘हंड्रेड पर्सेंट गॅरंटी’ देणाऱ्यांपासून सावध

डॉल्फिन बघायच्या बोटीचं बुकिंग करताना समोरचा माणूस छातीठोकपणे “दिसणारच, नाही दिसले तर पूर्ण पैसे परत” म्हणत असेल तर तिथेच फोन ठेवा. आमचे पैसे याच वाक्यावर गेले. कसे गेले ते जरा सविस्तर लिहितेय, कारण यात काही फार डोकेबाज स्कॅम वगैरे नाहीये, साधीच पद्धत आहे आणि कुठल्याही किनाऱ्यावर चालेल अशी आहे.

जाहिरातीत काय होतं, तर मोठी दोन मजली बोट, वर छत, सोबत माहिती सांगणारा गाईड आणि पाण्यात माईक सोडून डॉल्फिनच्या शिट्ट्या लाईव्ह ऐकवणार. मला खरं तर त्या शिट्ट्यांचंच आकर्षण होतं. फोनवर विचारलं तर “अहो ताई रोज दिसतात, बिनधास्त या.” पैसे मात्र आधी आणि पूर्ण भरायचे. भरले. उत्तरादाखल एक मेसेज आला, त्यात तारीख, वेळ आणि किती माणसं एवढंच, बोटीचं नाव नाही की अटी नाहीत.

धक्क्यावर पोचलो तर मोठी बोट “सर्व्हिसिंगला गेलीय.” समोर उभी काय, तर मागे इंजिन लावलेली छोटी फायबरची बोट, एक चालवणारा आणि एक पोरगा. गाईड नाही, माईक तर सोडाच. लाइफ जॅकेट मिळाली पण माझ्या भाचीच्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं होतं आणि तिथे सुतळी बांधली होती, गाठ अशी ओली आणि घट्ट की संकटात सुरीशिवाय सुटली नसती. मी म्हटलं आम्हाला ही बोट नको, पैसे परत द्या. तर म्हणे मग कॅन्सलेशन तुमच्याकडून धरणार, काहीच परत मिळणार नाही. ही पहिली चाल. बोट बदलणार ते, आणि रद्द केलं म्हणून नाव तुमचं. मागे लाइन लागलेली असते, मुलं हट्टाला पेटलेली असतात, बहुतेक लोक चढतात आणि त्यांना हे चांगलं माहीत असतं.

दुसरी चाल पाण्यात. थोडं आत गेल्यावर पोरगा ओरडायला लागला, “तो बघा, तो बघा, गेला गेला!” सगळे त्या बाजूला वळेपर्यंत तिथे काही नाही. वाऱ्याने फुटणाऱ्या लाटांचा पांढरा फेस, बास. एकदा तर चक्क पाणकावळा होता, मान वर काढून आमच्याकडेच बघत होता. आता गंमत अशी की डॉल्फिनला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. बॉटलनोज जातीचा डॉल्फिन साधारण दहा मिनिटं पाण्याखाली राहू शकतो, पण सहसा त्याच्या बराच आधी वर येतो, कळप असेल तर एकामागून एक पाठी दिसतात आणि जवळ असाल तर फुस्स असा श्वासाचा आवाजही येतो. म्हणजे खरंच काही दिसलं असेल तर इंजिन मंद करून गप्प थांबायचं, परत दिसतंच की. हे लोक थांबतच नव्हते, ओरडायचं आणि पुढे सुटायचं. असं का ते नंतर कळलं. त्यांच्या अटींमध्ये ‘दिसणं’ म्हणजे बोटीवरच्या कुठल्याही एकाला, त्यात त्यांची स्वतःची माणसंही आली, कितीही लांबून पाठीवरचा पर जरी दिसला तरी दिसलं! म्हणजे त्या पोराने ओरडलं की गॅरंटी पूर्ण.

मग चालवणाऱ्याला फोन आला आणि आम्ही सुसाट निघालो. अजून चारपाच बोटी तिकडेच येत होत्या, चारी बाजूंनी. आणि हो, तिथे डॉल्फिन होते. छोटा कळप, त्यात एक अगदी लहान पिल्लू आईला चिकटून, अंगावर उभे फिकट पट्टे दिसत होते (नवजात पिल्लांना असे पट्टे असतात, आईच्या पोटात दुमडून राहिल्याने पडलेल्या वळ्यांचे, काही आठवडे-महिने राहतात). दोन श्वास घेतले असतील त्यांनी, तेवढ्यात आमचा आणि समोरच्या बोटीचा चालवणारा दोघं बरोबर त्यांच्या वाटेत घुसले. सगळा कळप एकदम एकमेकांच्या जवळ आला, एकाने शेपटी पाण्यावर आपटली आणि सगळे खाली. वर आले ते खूप लांब, दिशा बदलून. परत पाठलाग. भाची म्हणाली, “मावशी, ते आपल्यापासून पळतायत का?” आणि नेमकं त्याच वेळी तो पोरगा म्हणतोय की अजून जवळ नेतो, पण त्याचे वेगळे द्यावे लागतील. मी नाही म्हटलं, पुढच्या बाकावरच्यांनी दिले.

हे उगाच भावनिक होऊन लिहीत नाहीये. ऑस्ट्रेलियात शार्क बे मध्ये डॉल्फिन दाखवणारे बोटवाले एकाचे दोन झाले तेव्हा त्या भागातले डॉल्फिन सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास कमी झाले, 2006 साली तो अभ्यास छापून आला. तेही नियम असलेल्या ठिकाणी. हवाईमधले स्पिनर डॉल्फिन रात्री खोल समुद्रात शिकार करतात आणि दिवसा किनाऱ्याजवळच्या उथळ खाडीत विश्रांती घेतात, म्हणजे टुरिस्ट जातात ती नेमकी त्यांची झोपेची वेळ, म्हणून 2021 पासून तिथे किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात त्यांच्या 50 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 45 मीटर, जायला बंदी आहे. न्यूझीलंडमध्ये डॉल्फिनपासून 300 मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी चालत नाहीत आणि वेगही अगदी कमी ठेवावा लागतो. आमच्याभोवती काय चाललं होतं ते यावरून समजून घ्या.

तिसरी चाल सगळ्यात बेरकी. धक्क्यावर उतरायच्या आधी क्लिपबोर्ड फिरतो, “जॅकेट परत केल्याची सही करा.” वरचा कागद दुमडून क्लिपखाली दाबलेला. मी तो ओढून उलगडला तर वर छापलेलं, ‘जाहिरातीप्रमाणे सर्व सेवा मिळाल्या, कोणतीही तक्रार नाही.’ मी सही केली नाही आणि त्या कागदाचा फोटो काढला, तेव्हा जरा आवाज चढला त्यांचा. बोटीच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या एका काकांना तर काहीच दिसलं नव्हतं, त्यांनी पैसे मागितले तर म्हणे परत म्हणजे रोख नाही, पुन्हा एक फेरी फ्री, याच सीझनमध्ये, जागा असेल तर. काका परतीच्या प्रवासाला निघालेले, ते कुठून येणार पुन्हा!

घरी येऊन जाहिरातीतला फोटो इमेज सर्चला टाकला. तो निघाला पॅसिफिक व्हाइट-साइडेड डॉल्फिनचा, ही जात फक्त उत्तर पॅसिफिकमध्ये असते आणि आम्ही गेलो तो समुद्र तिथून कुठच्या कुठे. फोटोपासून सगळंच उसनं.

बुकिंगच्या आधी लेखी विचारा: बोट कुठली, तिचा नोंदणी नंबर काय, बदलली तर पूर्ण पैसे परत का, न दिसल्यास नेमकं काय मिळणार, डॉल्फिनपासून किती अंतर ठेवता, आधीच दुसऱ्या बोटी असतील तर काय करता. शेवटच्या दोन प्रश्नांवर माणूस लगेच ओळखू येतो. नीट काम करणारे स्वतःच सांगतात की जंगली प्राणी आहे, नाही दिसला तर नाही दिसला, फार तर पुढची फेरी देऊ. आणि “एकदम जवळ नेतो”, “हात लावता येईल” असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

आमच्या पैशांचं म्हणाल तर कार्डच्या बँकेकडे डिस्प्यूट टाकला, सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, प्रत्यक्ष बोटीचा फोटो, सुतळीच्या बक्कलचा फोटो आणि तो दुमडलेला कागद. बरेच दिवस ईमेल-ईमेल चाललं, शेवटी अर्धे परत आले. पुढच्या बाकावरच्यांनी बोटीवर रोख दिलेले ते गेलेच, त्याची पावतीच नव्हती. जाहिरात अजून चालू आहे, नाव बदललंय, फोटो तोच.