हाताने घडवलेल्या माळांसाठी हूक: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीच्या आधी पुण्याच्या रविवार पेठेतून मी लॉब्स्टर (खटका दाबून उघडणारा), टॉगल (कड्यात आडवी दांडी अडकवायचा), चुंबकाचे आणि मळसूत्राचे (फिरवून बसवायचे) असे चार प्रकारचे हूक आणले आणि वर्षभर ते माझ्या टेराकोटाच्या, मोत्यांच्या आणि काचमण्यांच्या माळांना लावून पाहिले. मणी निवडताना आपण तासन्‌तास घालवतो आणि हूक मात्र शेवटी हाताशी येईल तो लावतो. पण माळ हरवली किंवा नुसतीच डब्यात पडून राहिली, तर त्यामागे बहुतेक वेळा हूकच असतो.

रोजच्या वापरासाठी १२ मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा लॉब्स्टर मला सर्वांत भरवशाचा वाटला. घेण्यापूर्वी त्याचा खटका दुकानातच आठ-दहा वेळा दाबून सोडावा. तो दर वेळी आपणहून मिटला पाहिजे आणि तोंडाशी केसाएवढीही फट राहता कामा नये. मुलामा दिलेले पितळी हूक स्वस्त आणि दिसायला देखणे असतात, पण उन्हाळ्यातल्या घामाने माझ्या दोन माळांच्या हुकांचा मुलामा उडाला आणि मानेवर हिरवट डाग पडले. मुलाम्याखाली निकेलचा थर असेल, तर काहींच्या त्वचेला खाजही सुटते. म्हणूनच युरोपीय संघाने अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूंमधून झिरपणाऱ्या निकेलवर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. मी आणलेल्या पाकिटांवर मात्र धातूचे नावसुद्धा नव्हते, आणि ही मला मोठी उणीव वाटते.

टॉगल जड माळांसाठी उत्तम, कारण माळेच्या वजनानेच त्याची दांडी कड्यात ताणून बसते. हलक्या ब्रेसलेटला तो लावू नये. दांडी ओवता यावी म्हणून तिच्या लगतचे दोन-तीन मणी बारीक ठेवावे लागतात, हे मला एक माळ उसवून पुन्हा ओवल्यावर कळले. मळसूत्राचा हूक मानेच्या हालचालीने फिरून सैल होतो; तो मी वापरणे सोडले. चुंबकाचा हूक एका हाताने लागतो, परंतु टेराकोटाचे जड पदक खाली वाकताच त्याने सोडून दिले, आणि पेसमेकर असलेल्या व्यक्तीला तर तो देऊच नये, कारण चुंबक त्या यंत्रापासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा लागतो.

हूक कितीही चांगला असला, तरी त्याला माळेशी जोडणारी उघडी कडी कच्ची असेल तर सगळे व्यर्थ आहे. माझे एक ब्रेसलेट हरवता हरवता वाचले, तेव्हा हूक घट्ट मिटलेलाच होता आणि शेजारची कडी फाकलेली होती. अशी कडी दोन पकडींमध्ये धरून एक टोक पुढे आणि दुसरे मागे असे पिळून उघडावी; दोन्ही टोके बाजूला ओढली, तर तिचा गोलावा पुन्हा पहिल्यासारखा जुळत नाही.

आत्यासाठी केलेल्या मोत्यांच्या माळेला मी १० मिलिमीटरचा नाजूक लॉब्स्टर लावला होता. संधिवाताने तिचे अंगठे सुजलेले असतात. मानेमागे हात नेऊन तिने तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा खटक्यावरून नख घसरले, आणि चौथ्यांदा तिने माळ मुकाट्याने टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी मी तो हूक काढला आणि गाठवणाऱ्या काकांकडून ठुशीला असते तशी सरकती दोरी आणि गोंडा लावून घेतला. दोरी सैल करून माळ डोक्यावरून घालायची आणि गोंडा धरून खाली ओढायचा. मानेमागे काही अडकवावेच लागत नाही. यंदाच्या पाडव्याला तिने ती माळ कुणाची मदत न घेता घातली.