फुलपाखरांसाठी काय लावावं: तेरडा, कुर्डू की खुळखुळा?

तिन्ही आपल्याच माळ-डोंगरांवरची, पावसाळी आणि एकदा रुजली की पुढच्या वर्षी आपणहून उगवणारी. निवड ठरते ती उन्हावर.

अर्धवट सावली आणि ओल धरणारी माती असेल तर तेरडा. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर पेरा, वीतभर अंतरावर विरळणी करा. मुळं उथळ, खोड पाणीदार. म्हणून पावसाने दडी मारली की मान टाकतो आणि पाणी तुंबलं की बुडाशी कुजतो. नर्सरीतला गच्च पाकळ्यांचा तेरडा मात्र इथे कामाचा नाही. मध फुलामागच्या बारीक नळीत असतो, तिथवर सोंड पोचायला रानातलं एकेरी फूलच हवं. शेपटीवर काटा असलेली जाड अळी पानं खाताना दिसली, तर ती हॉक मॉथ या पतंगाची. खाऊ द्या.

कुर्डूला कडक ऊन लागतं, मुरमाड जमीन चालते. चिमूटभर बी मूठभर वाळूत मिसळून वरच्यावर विस्कटलं की झालं. विरळणीत निघालेल्या कोवळ्या रोपांची भाजी होते. तुरे वाळल्यावर कापू नका, मुनिया त्यातलं बी टिपतात. पण तो फार पसरतो. शेजारी शेत असेल तर बोलणी खावी लागतील.

मोकळं ऊन आणि जमीन दोन्ही असतील तर आमचा कौल खुळखुळ्याला. त्याचं बी कडक कवचाचं, तसंच पेरलं तर बरंचसं नुसतं पडून राहतं. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात रात्रभर भिजवा, फुगलेलं तेवढं पेरा; उरलेलं सँडपेपरवर हलकं घासून पुन्हा भिजवा. सोटमूळ दुखावलं की रोप बसतं, म्हणून जागेवरच, दीड फुटावर, दोन-दोन बिया टाका. खत नको, नाहीतर नुसता पाला माजतो.

पिवळ्या फुलांवर भ्रमर येतात, पण खरी गर्दी वाळक्या, खरचटलेल्या पानांवर होते. ब्लू टायगर, कॉमन क्रो या फुलपाखरांचे नर तिथली अल्कलॉइडं (वनस्पतीतली कडू, विषारी रसायनं) शोषतात. मादीला भुलवणारा गंध त्यांतूनच बनतो. म्हणून वाळका पाला लगेच झाडू नका. शेंगांना भोकं दिसली तरी फवारणी नको, आत पी ब्लू फुलपाखराची अळी असू शकते. हीच अल्कलॉइडं गुरांना, घोड्यांना विषारी. शेंगा तोंडात घालणारं लहान मूल घरात असेल तर कुर्डूच बरा.

बी ऑक्टोबर ते डिसेंबरात तणनाशक न मारलेल्या बांधावरून गोळा करा. कासच्या पठारावरून नको.