पाटोची सेंट्रल लायब्ररी: प्रोजेक्टवाल्यांसाठी

एमएसडब्ल्यूचं (समाजकार्यातल्या मास्टर्सचं) प्रोजेक्ट चाललंय, स्थलांतरित कामगार आणि निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्था असा विषय, त्यासाठी पणजीतल्या पाटो भागातल्या सेंट्रल लायब्ररीत, म्हणजे कृष्णदास शामा लायब्ररीत बसतेय. कदंब बस स्टँडवरून चालत जाता येतं, त्यामुळे वास्कोहून येणाऱ्यांना पण बरं पडतं. 1832 ची संस्था आहे ही, पण बिल्डिंग एकदम नवी. गोव्यावरच्या पुस्तकांचा वेगळा विभाग आहे, तो तर मस्तच.

नेटवर शोधलं की सगळं युरोप-अमेरिकेचंच येतं, तिथं निर्वासितांसाठी कायदाच आहे. भारताने 1951 च्या निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर सहीच केली नाही, वेगळा कायदा पण नाही, यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं) ऑफिस दिल्लीत. मग आपल्याकडे बघायचं तर वास्कोकडच्या बायणा, झुआरीनगर वस्त्या, कर्नाटक-बिहारमधून आलेले लोक, 2025 पर्यंत लागू असलेला 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा, आणि वास्कोची अर्झ (मानवी तस्करीविरुद्ध काम करणारी), मडगावची जन उगाही (मुलांच्या हक्कांसाठी काम करणारी) असल्या संस्था.

जुने पेपर चाळायला वेळ ठेवून जा हां. झेरॉक्स मात्र बाहेर काढू नका, जवळच्या एका दुकानदाराने अर्धी पानं काळी दिली वर पैसे पूर्ण घेतले! लायब्ररीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार.