लोकलसेंड: केबलची शोधाशोध संपली, पण वाचायची भानगड वेगळीच निघाली

लोकलसेंड म्हणजे एकाच वायफायवरच्या फोन-लॅपटॉपमध्ये फाइल पाठवायचं ॲप. त्याला पाचपैकी साडेचार देतो. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आमचे आप्पा झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. त्यांनी आजीकडून, आत्यांकडून, गल्लीतल्या बायांकडून आखाजीची (म्हणजे अक्षय्य तृतीयेची) आणि कानबाईची (ही आमच्या खानदेशातली देवी) गाणी एका जाड वहीत उतरवून घेतली होती, आणि पंधराएक वर्षांपूर्वी गावातल्या डीटीपीवाल्याकडून ती टाईप करून वर्डची फाइल बनवून घेतली. ती फाइल सीडीवरून पेनड्राइव्हवर, तिथून माझ्या लॅपटॉपवर, अशी फिरत आली. आता आप्पांना ती मोबाइलवर हवी, कारण खाटेवर पडल्या पडल्या लॅपटॉप काही धरता येत नाही. एवढंच काम होतं, म्हटलं दोन मिनिटांचं आहे.

आधी केबलनं बघितलं. घरात चार केबली, त्यातल्या दोन नुसत्या चार्जिंगच्या निघाल्या, डेटाच्या तारा आतमधे नसतातच त्यांच्यात, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. तिसरी लागली तर कॉम्प्युटरवर फोनचं नाव दिसतंय पण फोल्डर रिकामं. मग फोनवर वरून नोटिफिकेशन ओढायचं, तिथे चार्जिंग लिहिलेलं असतं ते बदलून फाइल ट्रान्सफर करायचं, तेव्हा कुठे आतलं दिसतं. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायची सोय आहे, २ जीबीपर्यंतची फाइल जाते, पण घरातली फाइल घरातच न्यायला नेट खर्च करायचं आणि परत माझ्या चॅटच्या पसाऱ्यात ती सापडायची नाही. मेलवर २५ एमबीची हद्द. आप्पांच्या वहीची स्कॅन केलेली पीडीएफ त्याच्या कितीतरी पुढे.

मग एका मित्रानं लोकलसेंड सांगितलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडा मोबाइल नंबर द्या असली कटकट नाही, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो. विंडोजवर चालतं, लिनक्सवर चालतं, ॲन्ड्रॉइड, आयफोन सगळीकडे. दोन्हीकडे टाकायचं, दोन्ही एकाच वायफायवर ठेवायचे, लॅपटॉपवर सेंडमध्ये जाऊन फाइल निवडली की खाली फोनचं नाव दिसतं, त्यावर टिचकी, फोनवर ॲक्सेप्ट, झालं. नावं मजेशीर देतं ते, एक विशेषण आणि एक फळ. आम्ही केळीवाल्या जिल्ह्यातले, आमच्या वाट्याला केळं कधी येतं त्याची वाट बघतोय. (नाव सेटिंगमधून बदलता येतं, आप्पांच्या फोनला मी आप्पाच ठेवलंय.) अख्खं फोल्डर एकदम जातं. आलेली फाइल साधारण डाउनलोडमध्ये सापडते.

खरी गंमत म्हणजे नेट लागतच नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी लाइट गेली, अमळनेरचं एप्रिलमधलं ऊन, राउटर बंद, आणि आप्पांना तेव्हाच गाणी पाहिजे. मी फोनचा हॉटस्पॉट चालू केला, मोबाइल डेटा बंद ठेवला, लॅपटॉप त्याला जोडला आणि फाइल गेली. लॅपटॉपची बॅटरी तेवढी पुरली हे नशीब.

आता तो अर्धा मार्क. कॉलेजच्या वायफायवर हे चाललंच नाही, दोन्ही एकाच नेटवर्कवर असून एकमेकांना दिसेनात. अशा सार्वजनिक वायफायवर जोडलेल्या मशिनी एकमेकांपासून तोडून ठेवलेल्या असतात, तिथे हॉटस्पॉटच करा. दुसरं म्हणजे पहिल्यांदा उघडल्यावर विंडोज फायरवॉलचं विचारतं, या ॲपला नेटवर्कवर येऊ द्यायचं का म्हणून, मी घाईत कॅन्सल दाबलं आणि मग अर्धा तास फोनला शिव्या देत बसलो. चूक माझीच. पण दोन्हीकडे ॲप उघडं ठेवा, नेटवर्क एक ठेवा हे सांभाळावं लागतं, म्हाताऱ्या माणसाला एकट्याला नाही जमायचं.

तर फाइल पोचली. आप्पांनी उघडली आणि म्हणाले, "हाई काय शे रे भाऊ, माले काहीच दिखस नही." बघतो तर सगळी इंग्रजी अक्षरं नि चिन्हं, गाण्याचा एक शब्द नाही. पूर्वीचं डीटीपी युनिकोडमध्ये (आता सगळ्या फोनवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसायचं, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे आकार बसवलेले फॉन्ट असायचे. तो फॉन्ट लॅपटॉपवर आहे म्हणून तिथे नीट दिसतं, फोनवर नाही म्हणून तिथे कचरा. याला कुठलंही पाठवायचं ॲप काही करू शकत नाही. उपाय म्हणजे लॅपटॉपवरच पीडीएफ करायची, फॉन्ट तिच्या पोटातच जातो.

केली. आता दिसायला लागलं पण मुंगीएवढं. साधा हिशोब आहे, ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद, फोनची स्क्रीन जेमतेम ७, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं होतं. झूम केलं की ओळ डावी-उजवी सरकवत वाचायची, गाण्याची चालच तुटते. मग वर्डमध्ये लेआउटला जाऊन कागद ए-सिक्स केला, म्हणजे साडेदहा सेंटिमीटर रुंद, कडेची मोकळी जागा कमी केली, अक्षर १८ चं केलं आणि परत पीडीएफ काढली. फोनवर ते १२ चं दिसतं. पानं जवळजवळ पाचशे झाली, होऊ दे, कागद कुठे लागतोय. ज्यांना कुणाला मोठ्यांसाठी काही पाठवायचंय त्यांनी हे एवढं तरी कराच, माझे दोन दिवस यातच गेले.

वाचायला रीडएरा टाकून दिलंय, तेही फुकट आणि बिनजाहिरातीचं, जिथे थांबले तिथूनच पुढे उघडतं. एकच राहिलं, या पीडीएफमध्ये कानबाई शोधलं तर एकही सापडत नाही, कारण आत ती इंग्रजी अक्षरंच आहेत. युनिकोडमध्ये फिरवायचं काम सुरू केलंय, कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार खातो, प्रत्येक ओळ आप्पांना वाचून दाखवावी लागते. चाळीस गाणी झालीत.

परवा आप्पा म्हणाले उधन्याच्या (सुरतेतल्या) आत्याला पण धाड. तिथे हे कामाचं नाही, ती आमच्या वायफायवर थोडीच आहे. तिला व्हॉट्सॲपवर पाठवली, ए-सिक्सवालीच.