रक्तीबरोबर लागर की स्टाउट?

सुक्या रक्तीच्या, म्हणजे मसाल्यात परतलेल्या बकऱ्याच्या रक्ताच्या बशीशेजारी बिअर ठेवायची तर निवड दोघींतच आहे, हलकी सोनेरी माइल्ड लागर किंवा भाजलेल्या जवाची काळी स्टाउट. स्ट्राँग मी मोजतच नाही. ७-८ टक्के अल्कोहोल मालवणी मसाल्याचा जाळ आणखी चढवतो आणि मागे उरणारा गोडसरपणा रक्ताच्या लोखंडी चवीला नको तिथे चिकटतो. बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर वाईट नाही, तिच्यातले धणे मसाल्याला ओळख देतात. पण रक्तीपुढे ती जरा मवाळच.

लागरची बाजू भक्कम आहे. किनाऱ्यावरच्या कुठल्याही परमिट रूमात मिळते, उकाड्यात बरी वाटते, तिचा गॅस परतलेला कांदा, आलं-लसूण धुऊन काढतो. अडतं ते चरबीपाशी.

रक्तात स्वतःची चरबी जवळपास नसतेच. खाटकाकडून आणलेली बकऱ्याची चरबी परतताना घालतो, तीच रक्तीत उतरते. ही चरबी डुकराच्या चरबीपेक्षा जास्त तापमानाला वितळते, म्हणून थिजतेही चटकन. बशी दहा मिनिटं तशीच राहिली की कडेला पांढरी किनार धरते ना, तेच ४ अंशांच्या चिल्ड घोटाने टाळूवर होतं. मेणासारखा थर बसतो, पुढचा घोट पाण्यासारखा लागतो, पुढचा घास मुका. बोल मात्र रक्तीला लागतो. लागर थोडी कोमट करून पाहावी तर तिची मजाच जाते.

स्टाउट मुळातच १०-१२ अंशांवर खुलते. ५०० मिलीचा कॅन फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं ओट्यावर ठेवला की पुरे. मे महिन्यात पंधराच. भाजलेल्या जवाचा करपूस कडवटपणा वाटणातल्या भाजलेल्या सुक्या खोबऱ्याशी जुळतो. घ्यायची ती ४-५ टक्क्यांची कोरडी. दुधाची साखर घातलेली गोड नको.

रांधणाऱ्याच्या चुका मात्र स्टाउट झाकत नाही. खोबरं तांबूस व्हायच्या पुढे गेलं तर कडू दुप्पट. अर्धा किलो रक्तीला आमसुलं तीनच. पाच पडली की स्टाउट आंबट-तुरट लागते. रक्ती मिठाच्या पाण्यात मंद आचेवर १०-१२ मिनिटं शिजवावी. पाणी खदखदलं तर जाळी पडून ती स्पंजासारखी होते, आणि स्पंज तेल-चरबी दोन्ही पितो.

बशीत सोरपोतेल, म्हणजे गोव्याचं व्हिनेगर घातलेलं डुकराचं कालवण असेल तर मात्र उलट. व्हिनेगर आणि स्टाउटचं जमत नाही, आणि डुकराची चरबी टाळूवर इतकी हटून बसत नाही. तिथे लागर खुशाल घ्यावी. जर्मनीत कोलोनला फ्लोंत्स हे डुकराचं रक्ताचं सॉसेज कच्च्या कांद्याच्या चकत्यांसोबत खातात आणि बरोबर तिथली हलकी, सोनेरी क्योल्श बिअरच असते, तीही २०० मिलीच्या उभट ग्लासात. तो ग्लास मात्र उचलण्यासारखा आहे: ६५० मिलीची बाटली एका मोठ्या मगात ओतण्यापेक्षा तिघांत लहान ग्लासांनी वाटली की शेवटचा घोटही जिवंत राहतो.

लहान गावांत स्टाउट सहसा नसते, आधी फोन करून विचारावं. नाहीच मिळाली तर लागर चालेल, पण त्या दिवशी चरबी वगळून रक्ती दोन चमचे गोड्या तेलात परतावी आणि तव्यावरून थेट ताटात घ्यावी.