आठ महिने ई-पेपर: ठाण्याचं पान दर वेळी शोधावं लागतं

गेल्या शुक्रवारी सकाळी नळ कोरडा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, कालच्या पेपरात होतं की, 24 तास बंद म्हणून." त्यांच्याकडे छापील अंक येतो. त्याच पेपरच्या ॲपचे वर्षाचे पैसे मी भरलेत.

आमच्या कळव्याला एमआयडीसीचं पाणी. जलवाहिनीचं काम निघालं की शटडाऊन, आणि त्याच्या सूचनेची चौकट ठाण्याच्या पानावर असते. ॲप मात्र रोज मुंबई आवृत्तीच उघडतं. वर जाऊन 'ठाणे' निवडायचं, पान झूम करायचं, बोटाने सरकवत खाली यायचं. घाईच्या सकाळी राहून जातं. नोटिफिकेशन दिवसाला दहा येतात, सिनेमाची आणि क्रिकेटची. पाण्याचं एकही आलं नाही.

'कळवा' टाकून शोधलं तर काही सापडत नाही. डीटीपीत, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायच्या कामात, मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून कारण लगेच कळलं. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड. पान जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लावलं की डोळ्यांना मराठी दिसतं, पण आतला कोड भलताच असतो. मजकूर कॉपी केला तर नुसती चिन्हं येतात. एवढी वर्षं युनिकोड हाताशी असताना वाचकाला स्वतःच्या गावाचं नाव शोधता येऊ नये, याचा मला खरंच राग येतो.

2020च्या मार्चमध्ये अंक यायचे बंद झाले आणि व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरू लागल्या, तेव्हापासून मोबाइलवर वाचायची सवय लागली. शिवाय रद्दी साठत नाही, म्हणून यंदा छापील अंक बंदच केला.

तक्रार केली. 'सेटिंगमध्ये आवृत्ती कायम करा' असं उत्तर आलं. केली. दोन दिवस ठाणे उघडलं, ॲप अपडेट झालं आणि पुन्हा मुंबई.

इथवर एकच स्टार देणार होते. पण मध्यंतरी बातमी वाचून दाखवायची सोय आली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक टाइप दिसत नाही. आता ती भाजी निवडता निवडता अग्रलेख ऐकते, आणि मधेच थांबवून मला सांगते, "हे बघ, काय बरोबर लिहिलंय." ते पाहून एक स्टार वाढवला.

ऑटो-पेमेंट बंद केलंय. मुदत संपली की आईसाठी महिन्याचा प्लॅन घेईन. आणि एक तारखेपासून पेपरवाल्या दादांना अंक टाकायला सांगितलंय.