सान्वा जेएलएफ: ११ महिने आणि लाकडातलं एक भोक

सान्वा जेएलएफ ही आर्केडची जपानी जॉयस्टिक. ती लावून स्ट्रीट फायटर खेळताना, माझ्या खेळाडूचं तोंड उजवीकडे असलं की शोर्युकेन (वर उसळून मारायचा खास ठोसा) १० पैकी १० वेळा निघायचा. डावीकडे तोंड असलं की १० पैकी ४ वेळा नुसता ठोसा. हे असं का होतं ते कळायला मला सहा महिने लागले. त्या काळात मी एन्कोडर (स्टिक आणि बटणांचे इशारे खेळापर्यंत पोचवणारा बोर्ड) बदलला, अष्टकोनी गेट (दांडी कुठवर फिरेल ते ठरवणारी खालची चौकट) घेतलं, जड स्प्रिंग घेतली आणि काहीच चूक नसलेल्या एका विक्रेत्याशी भांडलो. घरी आर्केड कॅबिनेट बांधून त्यावर फायटिंग गेम खेळणाऱ्या दुसऱ्या कुणाचे सहा महिने असे जाऊ नयेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात किटमधल्या स्टिकपासून करतो. कॅबिनेट बांधलं तेव्हा सगळे पैसे पडद्यात आणि लाकडात गेले होते. त्यामुळे दोन स्टिक, बटणं आणि एन्कोडर एकत्र मिळणारं किट घेतलं. दिसायला हुबेहूब जपानी, वर गोळा, खाली चार मायक्रोस्विच. पाचव्या महिन्यात पहिल्या स्टिकच्या डावीकडच्या स्विचची पत्ती अडकायला लागली. हात काढला तरी खेळाडू मागे मागे चालतच राहायचा. विक्रेत्याकडे फक्त एक स्विच मागितला, तर उत्तर आलं की सुटे भाग मिळत नाहीत, पूर्ण किट पुन्हा घ्या. सहा बटणं, एन्कोडर, वायरी असं सगळं चालू असताना एका पत्तीसाठी पुन्हा किट? हा राग अजून गेलेला नाही. वस्तू स्वस्त असण्याला माझा आक्षेप नाही. दुरुस्त करता येणारी वस्तू दुरुस्त करू न देणं मला सहन होत नाही.

त्या रागातच ठरवलं की आता एकदाच नीट घ्यायचं. पहिल्या खेळाडूकडे सान्वा जेएलएफ बसवली. दुसऱ्या बाजूला हॅप काँपिटिशन, म्हणजे अमेरिकन घडणीची, वर गोळ्याऐवजी बॅटसारखी मूठ असलेली. दोन वेगळ्या जातीच्या मुद्दाम घेतल्या, कारण खेळणारे दोघे वेगळे. मी स्ट्रीट फायटरवाला, धाकटा भाऊ मॉर्टल कॉम्बॅटवाला.

जेएलएफबद्दल नवं सांगण्यासारखं फार नाही. हलकी आहे, बोटाच्या टोकाने फिरते, सोडली की मधोमध येते. किटच्या स्टिकनंतर पहिल्या संध्याकाळी हात मोकळा झाल्यासारखं वाटलं. हादोकेन (हातातून ऊर्जेचा गोळा फेकायची चाल) तर विचार न करताच निघत होता. पहिल्या आठवड्यात मी भेटेल त्याला हीच घ्या म्हणून सांगत सुटलो होतो.

दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की बाजू बदलली की शोर्युकेन निघत नाही.

डावीकडे तोंड असताना त्याचा क्रम डावी, खाली, खाली-डावी असा असतो. ट्रेनिंग मोडमध्ये नोंदी दाखवणारी पट्टी चालू केली, तर डावी दिसायची, खाली दिसायची, आणि तिसरी तिरकी कधी यायची, कधी नाही. हातच कच्चा आहे असं समजून रोज अर्धा तास त्या एका हालचालीवर घालवला. काही फरक नाही. आणखी एक गोष्ट होत होती, तिच्याकडे मी तेव्हा दुर्लक्ष केलं. उजवीकडे तोंड असताना बसून अडवायचं तर तीच खाली-डावी दिशा धरावी लागते, आणि मला पायावरचे फटके जरा जास्तच बसत होते. ते मी उशिरा अडवण्याच्या खात्यात टाकत राहिलो. दोन्ही तक्रारी एकाच कोपऱ्याच्या आहेत हे डोक्यात आलंच नाही.

मग खर्च सुरू झाला. आधी संशय एन्कोडरवर. खेळ सेकंदाला ६० फ्रेमवर चालतो, एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची, त्यामुळे स्वस्त बोर्ड मधली नोंद गाळत असेल असं वाटलं. नवा बोर्ड आणला, त्रास तोच. मल्टिमीटर घेऊन जेएलएफच्या पाच तारा तपासल्या, चार दिशा आणि एक सामाईक ग्राउंड, सगळ्या ठणठणीत. बोटाने स्विच दाबले तर प्रत्येक वेळी नोंद.

मग गेट. चौकोनी गेटबद्दल जेवढे वाद आहेत ते सगळे मी वाचले आणि खरे मानले. चौकोनाचा कर्ण बाजूच्या १.४१ पट असतो, म्हणजे सरळ दिशेपेक्षा कोपऱ्यापर्यंतचं अंतर तेवढं जास्त. त्यामुळे गडबडीत आपण कोपऱ्यापर्यंत पोचत नसू, हे पटण्यासारखं होतं. अष्टकोनी गेट लावलं. आठवडाभर वाटलं की सुधारलं. मोजायला बसलो तर पुन्हा १० पैकी ४ चुकलेले. शिवाय अष्टकोनात प्रत्येक खोबणीशी दांडी किंचित अडखळते आणि झँगीफ या खेळाडूच्या पकडीसाठी लागणारा पूर्ण गोल फिरवताना ते हाताला बोचतं. मग जड स्प्रिंग. तिने मनगट तेवढं दुखायला लागलं.

शेवटी विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला आणि स्टिक सदोष आहे, बदलून द्या म्हणालो. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं: स्टिक पॅनेलमधून काढा, हातात धरून तपासा, तरीही दोष राहिला तर बदलून देतो. मला ती टाळाटाळ वाटली. किटवाल्याचा अनुभव ताजा होता आणि तो राग मी या माणसावर काढला. दोन लांबलचक मेल लिहिले, बरेच कडक. त्याने सांगितलेलं काम वीस मिनिटांचं होतं आणि ते मी केलं नाही.

उलगडा पुतणीमुळे झाला. ती सुट्टीत आली होती, कॅबिनेटच्या बाजूला स्टूल टाकून माझा खेळ बघत होती. मध्येच म्हणाली, "काका, बाकी सगळीकडे टक वाजतं, या कोपऱ्यात ठक का वाजतं?" तिने गोळा धरून दाखवलं. तीन कोपऱ्यांत प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक आपटल्याचा कोरडा आवाज, आणि खाली-डावीकडे बोदा, लाकडाचा.

त्याच रात्री स्टिकच्या बुडाशी असलेल्या खाचेत स्क्रूड्रायव्हर धरून वरचा गोळा सोडवला आणि काळा डस्ट वॉशर (भोक झाकणारी चकती) उचलला. त्याखाली भोकाच्या कडेवर एका जागी रंग खरवडून एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) पिवळट दिसत होतं. चकतीसारखी गुळगुळीत घासलेली खूण, बरोबर खाली-डावीकडे. बाकी तीन तिरक्या दिशांना पुसट चट्टे.

माझं पॅनेल १८ मिलिमीटर एमडीएफचं. स्टिकसाठी भोक पाडलं ते २४ मिलिमीटरचं, कारण छोट्या बटणांसाठी तेवढ्या मापाचं ड्रिल बिट हाताशी होतं. किटची स्टिक त्यातून चालली म्हणून जेएलएफही तशीच खालून स्क्रूने बसवली. पण दांडी फिरते ती खालच्या सांध्याभोवती. सांध्यापासून जितकं वर जावं तितकी ती जास्त बाजूला सरकते. जाड लाकडाच्या वरच्या कडेपाशी येईपर्यंत ती बरीच सरकलेली असते. सरळ दिशांना अंतर कमी म्हणून निभावतं. तिरक्या दिशेला ते १.४१ पट होतं आणि दांडी गेटच्या कोपऱ्यात पोचायच्या आधी लाकडावर आदळते. त्यात माझं भोक स्टिकच्या मध्यापासून साधारण दोन मिलिमीटर सरकलेलं होतं. ते दोन मिलिमीटर नेमके खाली-डावीकडून कमी झालेले. त्या कोपऱ्यात दोन्ही स्विच एकदम दाबले जातील इतकी जागाच उरली नव्हती. जोर लावला की दांडी भोकाच्या गोल कडेवरून घसरून कधी नुसत्या खाली, कधी नुसत्या डावीकडे जायची.

म्हणजे सहा महिने मी चौकोनी गेटवर खेळतच नव्हतो. माझं गेट होतं लाकडातलं एक वाकडं भोक.

मला हे इतकं महत्त्वाचं का वाटतं ते सांगतो. स्टिक निवडताना सगळी चर्चा गेट, स्प्रिंग, गोळा की बॅट यांवर होते. पॅनेल कशाचं आहे, हा प्रश्न कुणी आधी विचारत नाही. जेएलएफ घडलीय ती जपानी कॅबिनेटसाठी. सेगाच्या ॲस्ट्रो सिटीसारख्या यंत्रांचं पॅनेल धातूच्या पातळ पत्र्याचं असतं. तिथे दांडीच्या आड येणारं काही नसतं. जाड लाकडाखाली तीच स्टिक लावली की गोळा बुटका दिसतो, बोटं पृष्ठभागाला घासतात आणि भोक लहान असेल तर माझ्यासारखं होतं. हॅपची स्टिक लाकडी पॅनेल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली, दांडी लांब. दुसऱ्या बाजूला तिने पहिल्या दिवसापासून एकही तक्रार दिली नाही याचं कारण आता कळलं. मी मात्र ती जाडजूड, जुन्या वळणाची म्हणून तिला मनातून कमी लेखत होतो.

दुरुस्तीला एक रविवार गेला. खालून राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) स्टिकच्या प्लेटच्या मापाची १० मिलिमीटर खोल खाच काढली, म्हणजे प्लेटच्या वर ८ मिलिमीटरच लाकूड राहिलं. भोक २८ चं केलं आणि या वेळी मध्य प्लेटवरूनच आखून घेतला. डस्ट वॉशर तेवढं भोक अजून झाकतो. ८ मिलिमीटर एमडीएफमध्ये लाकडी स्क्रू धरत नाहीत, म्हणून वरून सपाट डोक्याचे एम४ बोल्ट आणि खाली नट. एमडीएफचा भुसा घशात जातो, तोंडाला मास्क लावूनच करा, आणि शक्यतो घराबाहेर.

त्या संध्याकाळी डावीकडे तोंड करून १० पैकी १०. मग पुन्हा १०. पट्टीवर तिन्ही बाण ओळीने उमटताना बघून मला जो आनंद झाला तो कॅबिनेट पहिल्यांदा सुरू झालं तेव्हाही झाला नव्हता.

त्यानंतर चौकोनी गेट परत लावलं, आणि गेटबद्दलचं माझं मत पूर्ण बदललं. गाईलसारखा खेळाडू घेतला की मागे-खाली धरून बसायचं असतं. चौकोनात तो कोपरा हाताला आपोआप सापडतो, बघावं लागत नाही. गोल फिरवताना कडेला घासत जायची सवय मात्र सोडावी लागते. स्विच कडेच्या बरेच आधी दाबले जातात, तेवढ्याच वर्तुळात फिरवलं की चौकोन आड येत नाही. अष्टकोनी गेट ड्रॉवरमध्ये पडून आहे. कुणी मागितलं तर देईन, पण आधी त्यांच्या भोकाचं माप विचारीन.

आता तक्रारी, कारण आहेत. जेएलएफचे चारही स्विच एका छोट्या बोर्डावर सोल्डर केलेले असतात. एक गेला की सोल्डरिंग करा नाहीतर पूर्ण बोर्ड बदला. किटवाल्यावर मी ज्या गोष्टीसाठी चिडलो तिची ही सौम्य आवृत्तीच आहे. फरक इतका की इथे बोर्ड सुटा मिळतो. हॅपमध्ये चारही मायक्रोस्विच वेगवेगळे, एक खराब झाला की तेवढाच काढून दुसरा लावायचा. काटकसरी माणसाला ही रचना फार आवडते आणि मला आवडली. नवव्या महिन्यात जेएलएफ कुरकुरायला लागली. बुडाची ई-क्लिप (दांडी जागेवर धरणारी छोटी धातूची क्लिप) काढून सांध्याला थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं, आवाज गेला. ती क्लिप काढताना वर बोट ठेवा, उडाली तर सापडत नाही.

हॅप माझ्या हाताला अजूनही जड आहे. तिचा प्रवास लांब, त्यामुळे एकापाठोपाठ दोन हादोकेनच्या हालचाली लागणारा सुपर, म्हणजे सगळ्यात जोरदार चाल, मला तिच्यावर वेळेत जमत नाही. भावाला मॉर्टल कॉम्बॅटमध्ये मागे-पुढे असे सुटे झटके हवे असतात, त्याला तीच बरोबर वाटते. टेकन हा फायटिंग गेम खेळणाऱ्यांसाठी एक शब्द: स्प्रिंगऐवजी रबरावर चालणारी कोरियन स्टिक एका मित्राकडे तासभर वापरली. सोडल्यावर ज्या झपाट्याने ती मध्यावर येते तसं जेएलएफचं नाही. फक्त टेकन खेळायचं असतं तर मी तीच घेतली असती. सेमित्सु एलएस-३२ ही दुसरी जपानी स्टिकही हाताळली, तिचा प्रवास छोटा आणि घट्ट. मला विमानांच्या खेळात आवडली, शोर्युकेनला नाही.

त्या विक्रेत्याला मी सगळं खरं लिहून, घासलेल्या कडेचा फोटो जोडून माफी मागितली. त्याने फोटो इतर गिऱ्हाइकांना दाखवू का असं विचारलं. जरूर दाखवा म्हटलं. परवा भावाच्या बाजूचा वॉशरही उचलून बघितला. कड स्वच्छ आहे, कुठेही खूण नाही.